पोटातली गाठ टीबीची नव्हती, बुरशीची निघाली: दिव्याच्या ताईंना उत्तर

ठाण्याजवळच्या दिव्याहून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचा ७ वर्षांचा भाचा बरेच दिवस पोटदुखी आणि तापाने बेजार होता. पोटात उजवीकडे खाली गाठ हाताला लागत होती. सोनोग्राफीत मोठ्या आतड्याची भिंत जाड दिसली आणि पोटाचा टीबी धरून गोळ्या सुरू झाल्या. गाठ कमी व्हायच्या ऐवजी वाढली. शेवटी ऑपरेशन झालं आणि बायॉप्सीच्या रिपोर्टवर ‘बॅसिडिओबोलोमायकोसिस’ असं नाव आलं. आता इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध चालू आहे. आजीला वाटतं, हा कॅन्सरच आहे आणि आपल्यापासून लपवतायत. कुणी म्हणतं, ही करोनातली काळी बुरशी. धाकट्या बहिणीला लागेल का, औषध किती दिवस, हेही त्यांना हवं आहे. आणि शेजारच्यांचा सल्ला असा, की टीबीच्या गोळ्याही चालूच ठेवा, कोर्स अर्धवट सोडू नये.

ताई, मी या सल्ल्यापासूनच सुरुवात करते, कारण बाकीच्या प्रश्नांना उद्यापर्यंत थांबता येईल, याला नाही. टीबीच्या गोळ्यांमध्ये रिफाम्पिसिन असतं. पालिकेच्या केंद्रातून मिळणाऱ्या एकत्रित गोळीतही ते असतं, फक्त वेगळी गोळी नसल्यामुळे घरच्यांच्या लक्षात येत नाही. मुलाची लघवी केशरी होत असेल तर ती त्यामुळेच. हे रिफाम्पिसिन औषधं मोडून टाकायची यकृताची क्षमता इतकी वाढवतं, की इट्राकोनॅझोल रक्तात टिकतच नाही. मूल दोन्ही औषधं न चुकता घेतंय, घरचे घड्याळ लावून देतायत, आणि बुरशीपर्यंत औषध मात्र जेमतेम पोचतंय, असं होतं. व्होरिकोनॅझोल आणि पोसाकोनॅझोल या बुरशीवरच्या दुसऱ्या औषधांचंही तेच. शिवाय रिफाम्पिसिन थांबवल्यावर हा परिणाम ओसरायला साधारण दोन आठवडे जातात.

म्हणून दोन्ही गोळ्यांची पाकिटं घेऊन मुलाच्या डॉक्टरांना आजच भेटा आणि सरळ विचारा, ‘टीबीचा पुरावा कुठे मिळाला आहे का?’ स्वतःहून काहीही बंद करू नका. टीबी नाही असं त्यांनी ठरवलं तर ते गोळ्या थांबवतील आणि टीबी केंद्राला तसं लेखी कळवतील, म्हणजे ‘निक्षय’ या टीबीच्या सरकारी पोर्टलवरची नोंदही दुरुस्त होईल. नाहीतर मुलाने औषध सोडलं असं समजून केंद्रातून घरी माणूस येतो आणि आजी पुन्हा घाबरते. दोन्ही आजार खरोखरच असतील, तर औषधांची जोडणी वेगळी करावी लागते. तेही काम त्यांचंच. कोर्स अर्धवट सोडू नये हे टीबीच्या रुग्णासाठी सोळा आणे खरं आहे. ज्याला टीबी नाहीच, त्याला ते लागू होत नाही.

आता आजीसाठी. हा कॅन्सर नाही. रिपोर्ट लपवण्यासाठी कुणी असलं अवघड नाव शोधून काढत नाही. ही बुरशी आतड्याच्या भिंतीत वाढते, शरीर तिच्याभोवती सूज आणि गाठ तयार करतं, आणि ती गाठ स्कॅनमध्ये हुबेहूब कॅन्सरसारखी दिसते. जगभरात अशा कित्येक रुग्णांची आतडी कॅन्सर समजून काढली गेली आणि नंतर सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी दिसली. शंका राहू नये म्हणून एक करता येतं. ऑपरेशनच्या तुकड्याचे मेणातले ब्लॉक आणि काचपट्ट्या लॅबकडे जपून ठेवलेल्या असतात. त्या मागून घ्या आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत घ्या. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये बाहेरच्या काचपट्ट्या आणि ब्लॉक तपासून मत देतात. डॉक्टरांवर अविश्वास दाखवतोय असं यात काही नाही. इतक्या दुर्मीळ आजारात दुसरं मत घेणं मला तर आवश्यकच वाटतं.

ही बुरशी म्हणजे बॅसिडिओबोलस रॅनॅरम. १८८६ साली आयडाम या शास्त्रज्ञाने ती बेडकाच्या विष्ठेत पाहिली. बेडूक, पाली-सरडे, मासे, किडे खाणारी वटवाघळं यांच्या आतड्यात ती राहते, आणि कुजणाऱ्या पाल्यात, ओल्या मातीत सापडते. म्हणजे पावसाळ्यात आपल्याकडे जिकडेतिकडे असू शकते. माणसात तिचा आजार १९५६ मध्ये इंडोनेशियातून पहिल्यांदा नोंदला गेला, तो कातडीखालच्या गाठींचा. पोटातला पहिला रुग्ण १९६४ मध्ये नायजेरियातून. त्यानंतर पोटाच्या आजाराचे सर्वात जास्त रुग्ण सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्येचा असीर प्रांत, इराण आणि अमेरिकेतलं अ‍ॅरिझोना इथून आले. अ‍ॅरिझोनात १९९४ ते १९९९ या काळात एकामागून एक रुग्ण सापडले तेव्हा तिथल्या आरोग्य यंत्रणेने मुद्दाम शोध घेतला. भारतातूनही मुलांच्या केसेस प्रसिद्ध झाल्या आहेत. माती किंवा दूषित अन्न तोंडात जाऊन ती पोटात शिरत असावी असा कयास आहे, पण नेमका मार्ग अजून कुणी सिद्ध केलेला नाही. त्यामुळे ‘आम्ही काय खायला दिलं म्हणून झालं’ हा विचार मुलाच्या आईने मनातून काढून टाकावा. तिच्या हातून काहीही चुकलेलं नाही. या मुलांची प्रतिकारशक्तीही बहुतेक वेळा चांगली असते.

माणसाकडून माणसाला हा आजार लागत नाही. बहिणीला वेगळं झोपवू नका, ताटवाटी वेगळी करू नका, तिची कसलीही तपासणी करू नका. शाळेनेही मुलाला अडवायचं कारण नाही.

आणि ही काळी बुरशी नव्हे. २०२१ मध्ये आपण जिची दहशत पाहिली ती म्युकरमायकोसिस. तिचे तंतू रक्तवाहिन्यांत घुसतात, आत गुठळी होते, पुढचा भाग रक्ताविना मरून काळा पडतो, आणि हे काही दिवसांत घडतं. बॅसिडिओबोलस साधारणपणे रक्तवाहिन्यांच्या वाटेला जात नाही. ती आठवडे-महिने रेंगाळत वाढते. दोघींचे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली रुंद आणि पातळ भिंतीचे, त्यामुळे घाईत पाहणाऱ्याची गल्लत होऊ शकते. पण बॅसिडिओबोलसच्या तंतूंभोवती इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशींनी घडवलेलं गुलाबी जाड कवच असतं, त्याला स्प्लेंडोर-होप्ली म्हणतात. भाच्याच्या रिपोर्टमध्ये ते नाव असेल तर निदानाला चांगला आधार आहे.

इओसिनोफिल ही या सगळ्या गोष्टीतली सगळ्यात स्वस्त खूण आहे, आणि तीच नजरेतून सुटते. साध्या सीबीसीमध्ये हा आकडा येतो. एका मायक्रोलिटरमध्ये ५०० च्या आत असायला हवा. या आजारात तो बहुतेक वेळा वाढलेला असतो, कधी हजारांत जातो. आपल्याकडे इओसिनोफिल वाढले की जंत म्हणायचं, अल्बेंडाझोल द्यायचं आणि पान उलटायचं, ही सवय पक्की आहे. जंत असतातही, म्हणून ती सवय अगदी निराधार नाही. पण पोटात गाठ, ताप, उतरलेलं वजन आणि त्यासोबत चढलेले इओसिनोफिल असं चित्र असेल तर टीबी म्हणण्याआधी थांबायला हवं. पोटाच्या टीबीत इओसिनोफिल असे वाढत नाहीत. भाच्याच्या फाइलमधला पहिला सीबीसी काढून बघा. उपयोग पुढेही आहे: औषध लागू पडलं की हा आकडा खाली येतो, आणि तो पुन्हा चढू लागला तर स्कॅनच्या आधी तोच सावध करतो.

मी मायक्रोबायोलॉजिस्ट आहे, ठाण्यात काम करते, आणि माझं दुखणं इथून पुढचं आहे. पोटाच्या गाठीचा तुकडा काढला की तो ऑपरेशन थिएटरमध्येच फॉर्मॅलिनच्या डबीत टाकतात. डबी नातेवाईकाच्या हातात देतात, आणि काका किंवा मामा ती पिशवीत घालून रिक्षाने लॅबला नेऊन देतात. रोजची पद्धत आहे. फॉर्मॅलिनमध्ये गेलेल्या तुकड्यातलं सगळं जिवंत मरतं. त्यातून ना बुरशी वाढवता येते, ना टीबीचा जंतू. पॅथॉलॉजिस्टला त्यात बुरशी दिसली तर ठीक. नाही दिसली, किंवा नुसते ग्रॅन्युलोमा, म्हणजे सूज आणणाऱ्या पेशींचे बारीक पुंजके, दिसले, तर रिपोर्ट येतो ‘टीबीशी सुसंगत’. मग गोळ्या सुरू. ग्रॅन्युलोमा टीबीत होतात तसे बुरशीतही होतात, क्रोन्स या आतड्याच्या सुजेच्या आजारातही होतात. रिपोर्ट लिहिणारा खोटं लिहीत नाही, त्याच्या हाती तेवढंच आलेलं असतं.

म्हणून पोटातल्या कुठल्याही अनाकलनीय गाठीचं ऑपरेशन किंवा बायॉप्सी ठरली की सर्जनना आधी विचारा, ‘तुकडा दोन डब्यांत पाठवाल ना?’ एक फॉर्मॅलिनमध्ये, पॅथॉलॉजीसाठी. दुसरा निर्जंतुक डबीत, थोड्या नॉर्मल सलाइनमध्ये, मायक्रोबायोलॉजीसाठी. या दुसऱ्या डबीतून केओएच तपासणी होते, म्हणजे तुकड्यावर क्षार टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधतात, बुरशीचं कल्चर होतं, आणि त्याच तुकड्यावर टीबीसाठी जीन एक्स्पर्ट आणि टीबीचं कल्चरही होतं. एका जास्तीच्या डबीने दोन्ही बाजूंचा निकाल लागतो. ती डबी लगेच पोचवा आणि फ्रिजमध्ये ठेवू नका, कारण बॅसिडिओबोलस थंडीत मरते. फॉर्मवर ‘बुरशीची शंका’ एवढे दोन शब्द लिहून घ्या. त्या दोन शब्दांनी लॅबमध्ये बरंच बदलतं: तंत्रज्ञ तुकडा कुटत नाही, बारीक कापतो. म्युकरचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, तंतू कुटले की मरतात आणि कल्चर कोरं येतं. पॅथॉलॉजिस्टही पीएएस आणि चांदीचा क्षार वापरून बुरशी रंगवून दाखवणाऱ्या खास तपासण्या मागवतो. सगळा तुकडा आधीच फॉर्मॅलिनमध्ये गेला असेल तरी या खास तपासण्या मेणाच्या ब्लॉकवर नंतर करता येतात, म्हणून ब्लॉक हरवू देऊ नका.

दुर्बिणीतून घेतलेली बायॉप्सी या आजारात अनेकदा फसवते, हेही सांगायला हवं. कोलोनोस्कोपीत चिमटा आतड्याच्या अस्तराचा वरवरचा कण घेतो. बुरशी असते खाली, अस्तराखालच्या थरात आणि स्नायूत. वरचा कण ‘साधी सूज’ म्हणून परत येतो. अशा वेळी सुई घालून गाठीतून खोल तुकडा घ्यावा लागतो. बुरशीसाठीच्या रक्तातल्या तपासण्यांवरही भिस्त ठेवता येत नाही. म्युकरमध्ये तर बीटा-डी-ग्लुकॅन आणि गॅलॅक्टोमॅनन दोन्ही निगेटिव्ह येतात.

आता उपचार. या बुरशीवर मुख्य औषध इट्राकोनॅझोलच. काही रुग्णांना व्होरिकोनॅझोल किंवा पोसाकोनॅझोल देतात. अँफोटेरिसिन हे बुरशीवरचं मोठं औषध खरं, पण बॅसिडिओबोलसवर ते अनेकदा चालत नाही. कुणी तेच चालू ठेवलं असेल तर कारण विचारा. स्टेरॉइड इथे घातक ठरू शकतं. क्रोन्स समजून ते दिलं गेलेल्या रुग्णांत आजार पसरल्याच्या नोंदी आहेत. ऑपरेशन प्रत्येकाला लागत नाही. निदान वेळेत झालं तर कित्येक मुलं केवळ औषधाने बरी होतात. मुदत महिन्यांत मोजायची, कमीत कमी तीन, बहुतेकदा सहा ते बारा, आणि स्कॅन व इओसिनोफिल दोन्ही पूर्वपदावर आले की मगच औषध थांबवायचं. दोन महिन्यांत मूल उड्या मारायला लागतं, भूक सुधारते, आणि घरच्यांना वाटतं झालं. तिथे औषध सोडलं तर गाठ परत येते.

इट्राकोनॅझोल हे घेण्याच्या पद्धतीवर फार अवलंबून असलेलं औषध आहे. कॅप्सूल भरल्या पोटी द्यायची, कारण ती विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. याच कारणाने सोबत पँटोप्राझोल किंवा अँटासिड असेल तर कॅप्सूलचा बराचसा भाग वाया जातो. ऑपरेशननंतर पँटोप्राझोल सवयीने लिहिलेलं असतंच, ते अजून खरंच हवं आहे का ते विचारा. औषध द्रवरूपात असेल तर उलट, ते उपाशीपोटी चांगलं लागू पडतं. मेडिकलवाल्याने कंपनी बदलून दिली तर घेऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा. साध्या कॅप्सूलमधल्या दाण्यांचा दर्जा कंपनीगणिक बदलतो. एक-दोन आठवड्यांनी रक्तातली औषधाची पातळी तपासता येते, आणि दर लिटरला १ मिलिग्रॅमच्या वर असावी असं साधारण लक्ष्य असतं. ही तपासणी सगळीकडे होत नाही, नमुना मोठ्या लॅबला पाठवावा लागतो, पण एवढ्या लांब चालणाऱ्या औषधात ती मला खर्चाच्या लायकीची वाटते. जोडीला यकृताच्या तपासण्या ठरलेल्या अंतराने करा. पायांना सूज, धाप, डोळे पिवळे दिसणं, यातलं काही जाणवलं तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. मूल दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलं, अगदी साध्या खोकल्यासाठी, तरी इट्राकोनॅझोल चालू आहे हे सांगा. कित्येक औषधांशी त्याचं जमत नाही.

तुमच्या भाच्याचा प्रश्न इथे संपतो, पण टीबी समजून बुरशी निसटण्याचा प्रकार आणखी दोन ठिकाणी होतो, आणि तिथे तो जिवावर बेततो.

पहिलं ठिकाण अधिवृक्क ग्रंथी, म्हणजे किडनीच्या वर बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी. पन्नाशी-साठीतला माणूस, बहुतेकदा पुरुष. वजन उतरलेलं, बारीक ताप, अंगाचा रंग काळवंडलेला, उठताना चक्कर. स्कॅनमध्ये दोन्ही अधिवृक्क सुजलेल्या. टीबी हे कारण आपल्याकडे पहिलं मनात येतं आणि त्यात गैर नाही. पण हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी हुबेहूब हेच करते, तिच्या आजाराला हिस्टोप्लाझ्मोसिस म्हणतात. १९०५ मध्ये पनामात सॅम्युअल डार्लिंगने ती पहिल्यांदा पाहिली. भारतातली पहिली नोंद १९५४ ची, कलकत्त्याची. रुग्ण गंगेच्या खोऱ्यात जास्त, पण महाराष्ट्रातही सापडतात. पक्ष्यांच्या आणि वटवाघळांच्या विष्ठेने भरलेल्या मातीतून ती श्वासावाटे जाते. अशा माणसाला तुकडा न घेता टीबीच्या गोळ्या दिल्या तर दुहेरी नुकसान होतं. बुरशी तशीच राहते, आणि रिफाम्पिसिन या ग्रंथींनी बनवलेलं कॉर्टिसॉल हे जीवनावश्यक संप्रेरक, जे काही उरलंसुरलं असेल तेही, भराभर मोडून टाकतं. ग्रंथी आधीच निकामी असल्या तर रक्तदाब कोसळून माणूस थेट आयसीयूत जातो. म्हणून दोन्ही अधिवृक्क सुजलेल्या असतील तर सकाळचं कॉर्टिसॉल तपासल्याशिवाय आणि सुईने तुकडा घेतल्याशिवाय टीबीच्या गोळ्या सुरू करू नयेत, हे माझं ठाम मत आहे. हिस्टोप्लाझ्मोसिस निघाला तर आजार जोरात असल्यास आधी अँफोटेरिसिन आणि मग साधारण वर्षभर इट्राकोनॅझोल. कॉर्टिसॉलची कमतरता मात्र अनेकांना आयुष्यभर गोळीने भरून काढावी लागते.

दुसरं ठिकाण किडनी, आणि इथे बुरशी खरी काळी, म्युकर. जठरात किंवा आतड्यात म्युकर होतो तो बहुतेक आयसीयूतले, साखर हाताबाहेर गेलेले रुग्ण किंवा अपुऱ्या दिवसांची बाळं यांना. पण फक्त किडनीत होणारा म्युकर भारतात चांगल्या धडधाकट तरुणांनाही झालेला आहे. कुशीत दुखतं, थंडी वाजून ताप येतो, लघवीत पू दिसतो पण कल्चरमध्ये काही वाढत नाही, आणि अँटिबायोटिक बदलत राहतात. किडनी सुजलेली आणि सीटीत तिच्या मोठ्या भागात रक्त पोचत नसलेलं, असं दिसलं तर त्याच दिवशी बुरशीचा विचार व्हायला हवा. इथे व्होरिकोनॅझोल काहीच करत नाही. लायपोसोमल अँफोटेरिसिन लागतं आणि बहुतेकदा किडनी काढावी लागते.

कँडिडाबद्दल एकच. शौचाच्या कल्चरमध्ये कँडिडा दिसणं हा आजार नाही, तो निरोगी माणसाच्या आतड्यातही असतो. त्यासाठी साखरबंदीचे आहार आणि महागड्या गोळ्या विकणाऱ्यांना पैसे देऊ नका. आतडं फुटून ऑपरेशन झालेल्या किंवा ल्युकेमियाच्या रुग्णाच्या पोटातला कँडिडा गंभीर असतो, पण तो प्रश्न वॉर्डातल्या डॉक्टरांचा.

ताई, मुलाला घरी साधं ताजं जेवण द्या, ताप नसेल तर शाळेत पाठवा. जेवणाआधी हात धुणं, नखं कापणं, माती तोंडात घालायची सवय असेल तर ती मोडणं, एवढं पुरे. गाठ होती तिथे आतडं जोडलेलं आहे, त्यामुळे पुढचे काही महिने एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. पोट फुगून ताठ झालं, हिरवी उलटी झाली, शी आणि वारा दोन्ही बंद झाले किंवा शौचातून रक्त गेलं, तर घरी हिंग-ओवा करत बसू नका आणि ओपीडीच्या वाराची वाट पाहू नका. रात्र असली तरी जिथे ऑपरेशन झालं त्याच हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत फाइलसकट घेऊन जा.